काटोचा नंबर

मसाकातल्या आमच्या शीतघरात गोवराच्या लशीच्या चार हजार कुप्या होत्या. शनिवारी मुलांना टोचायच्या होत्या. गेल्या महिन्यात इथला राखणदार वासवा उडाला. जुळ्यांना आम्ही मेला म्हणत नाही, उडाला म्हणतो. त्याच्या जागी त्याचा जुळा भाऊ काटो आला. म्हणून सकाळी मी कॉम्प्युटरमधला वासवाचा नंबर पुसला, काटोचा लिहिला आणि प्रोग्राम नव्याने सुरू केला. शीतघर सहा अंशांवर गेलं की प्रोग्राम त्या नंबरवर फोन करून शिट्टी ऐकवतो. फोन उचलला गेला तरच जिल्ह्याहून बर्फाची गाडी निघते.

बाराची प्रार्थना संपते न संपते तोच वीज गेली. जनरेटर सुरू होईना. अंगणातून काटो ओरडला, "न्याबो, देवाशी बोलून झालं असेल तर जरा याच्याशीही बोला!" न्याबो म्हणजे बाई.

शीतघर सहा अंशांवर. साडेसहा. काटोच्या खिशातला फोन गप्पच. आठ अंशांना सगळी लस वाया.

कॉम्प्युटर बॅटरीवर चालू होता. तिथे चूक दिसली. नंबर मी टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, लिहिला होता, पण एक्स्पोर्ट केलाच नव्हता. तसं केल्याशिवाय तो तिथेच पडून राहतो, प्रोग्रामच्या हाती लागत नाही. आणि एकदा सुरू झालेल्या प्रोग्रामला मागाहून काही देताही येत नाही. मी तो बंद केला. नंबर एक्स्पोर्ट केला.

सात.

तेवढ्यात अंगणात फोन वाजला.

"हॅलो... हो. टाकीखाली? दुसरा कॉक? बरं, बरं."

जनरेटर धडधडला. तापमानाचा काटा थांबला. मग हळूहळू पावणेसातवर उतरला. मी कपाळावरून छातीपर्यंत क्रूस काढला.

काटो हात पुसत दारात आला. "काय हो न्याबो, तुमचं मशीन एवढं बोलतं? तेही माझ्याच आवाजात! कधी भरून घेतलात?"

"ते बोलत नाही, काटो. नुसती शिट्टी वाजवतं."

तो हसला. मला हसू आलं नाही. पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. प्रोग्राम मी अजून सुरूच केला नव्हता.

आता केला.

चालू प्रोग्रामला काय काय मिळालंय ते पाहता येतं. पाहिलं. काटोचा नंबर होता.

त्याखाली मी न दिलेली एक ओळ होती.

राखणदार=२