काळ्या चिखलाचे दोन पट्टे

"नौफल, होडी हलवू नकोस! मी पडले तर तुलाही ओढीन!"

"ओढ की! पण आधी चिखल काढ, वॉचमन बघतोय!"

सिंधुजाने बांबूला बांधलेली करवंटी नाल्याच्या तोंडाशी तळात खुपसली. काठावर दोन वर्षांपूर्वीपर्यंत भातशेत होतं. आता ते बुजवून तिथे लॉऱ्या धुतल्या जात आणि ते तेलकट पाणी नाल्यातून थेट नदीत उतरे. तळ काळाकुट्ट झाला होता, शिंपले मरत होते. पण पंचायतीचे मेंबर सुकुमारन यांनी दोष दिला तो सिंधुजाच्या अम्माच्या खड्ड्याला! काथ्यासाठी नारळाची सोडणं त्यात कुजत, आणि तिथलाही चिखल काळाच. आज चार वाजता ते खड्डा बुजवायला येणार होते. मग काथ्या नाही, आणि घरात कांजीही नाही!

"ए पोरांनो! काय चोरताय?" लॉऱ्यांच्या आवाराचा वॉचमन धावत आला.

"चिखल, चेट्टा! हवाय थोडा, दादा?" नौफलने जोरात वल्हं मारलं, पण होडी गाळात रुतली! सिंधुजाने कंबरभर पाण्यात उडी टाकून ती ढकलली. वॉचमनच्या हाताला कड लागता लागता होडी सुटली.

घरी तिने फळीवर दोन पट्टे सारवले: एक अम्माच्या खड्ड्यातल्या चिखलाचा, एक नाल्याच्या तोंडचा. दोन्ही सारखेच काळे.

"काहीच फरक नाही गं!"

"थांब. खड्ड्यातला चिखल अंगणात वाळला की भुरा पडतो. दरवर्षी पाहते मी. तेलाचा काळेपणा मात्र तसा जायचा नाही."

तेवढ्यात ऊन गेलं. साडेतीन! पट्टे वाळावेत म्हणून दोघं सुपाने वारा घालू लागली. हात भरून आले, तरी थांबायची सोय नव्हती.

मेंबर आले, मागे फावडी घेतलेले दोघे. "बाजूला हो, पोरी."

"आधी ही फळी बघा!"

एक पट्टा भुरा, भेगाळलेला. दुसरा तसाच काळा, चकचकीत. मेंबरनी त्यावर बोट फिरवून नाकाशी नेलं. "डिझेल!"

"शेत होतं तेव्हा गाळ शेतातच बसायचा," अम्मा म्हणाली. "नदीपर्यंत यायचाच नाही."

मेंबर फावडेवाल्यांकडे वळले. "चला, आधी त्या नाल्याचं तोंड बंद करा! आणि शाबास रे पोरांनो! माझी चूक झाली. उद्या पंचायतीत ही फळी घेऊन तुम्हीच या."

"येतील," अम्मा दोघांकडे बघत म्हणाली. "पण धुऊन काढल्यावर! आत्ता यांच्यात आणि फळीत फरक कळत नाहीये."