हनुवटीची पट्टी

ऐन वैशाखातली दुपार. येळ्ळुरातली माणसं शेतावर गेलेली. मालुबाई चुलीपुढं बसून नाचणीची आंबील गाळत होती. सहा वर्षांच्या रुक्मीला ओठांच्या फटीतून चमच्यानं तेवढंच देता येत होतं. तीन दिवसांमागं भरली बैलगाडी मागं उलार झाली आणि जू उसळून थेट पोरीच्या हनुवटीवर बसलं. बेळगावच्या डॉक्टरांनी मोडलेला जबडा बसवला, हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली आणि बजावलं, "तीन आठवडे सुटता कामा नये. सुटली, तर तोंड जन्माचं वाकडं. घास चावता यायचा नाही."

सासूबाईंना मात्र ती पट्टी बघवेना. गावात माणूस गेलं की तोंड उघडं पडू नये म्हणून असंच फडकं बांधत.

"जित्या पोरीला मढ्यागत बांधून आणलीस व्हय गं? सोड ते!"

"आत्ती, पाया पडतो... नगा हात लावू!"

पण सासूबाईंनी गाठ सोडलीच, आणि अंगारा आणायला तरातरा देवळाकडं गेल्या.

रुक्मीचा जबडा लोंबला. लाळ गळायला लागली, लाळेत रक्त! मालुबाईनं पट्टी उचलली, पण एका हातानं जबडा धरून दुसऱ्या हातानं गाठ बसेना. एकदा, दोनदा... शेजारच्या जयाबाईला हाक मारायला ती उंबऱ्यापर्यंत धावली. कुणी ओ दिली नाही. रस्ताभर नुसतं ऊन सांडलेलं, आणि कुठूनसा गुलालाचा, ओल्या मातीचा वास...

ती वळली.

रुक्मीची हनुवटी बांधलेली होती! घट्ट, नीट, पट्टीला सुरकुतीसुद्धा नाही.

"कोन... कोन आलतं गं?"

रुक्मीनं मागच्या भिंतीकडं बोट केलं. तिकडं दार नव्हतं.

सासूबाई अंगारा घेऊन आल्या, डोक्यावरची गाठ वाकून बघितली आणि हात मागं घेतला.

"ही गाठ... अंबुबाईची."

"कोन अंबुबाई?"

"गावातली समदी मढी तीच बांधायची गं... तू लग्न हून यायच्या आदीच गेली ती. तिचं तोंड बांधाय मातुर कुनी न्हवतं."

त्यानंतर सासूबाईंनी पट्टीकडं बघितलंसुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पट्टी उतरवली. जबडा सरळ! दातावर दात बसलेला! मालुबाईला हसावं की रडावं कळेना. परतीच्या बैलगाडीत तिनं दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा पोरीच्या तोंडात घातला, आणि रुक्मीनं तो चावला. चावला!

"अवो, खाल्लं बघा तिनं!" ती पुढं बैल हाकणाऱ्या नवऱ्याला ओरडून म्हणाली. भावकूनं मागं न बघताच डोळे पुसले.

"आई," रुक्मी हळूच म्हणाली, "ती बाई रोज यायची. पट्टी चाचपायची... पर तिचंच तोंड उघडं ऱ्हायचं बघ. मिटायचंच न्हाय. मग मी धरून बसायचो."

"आता न्हाय न्हवं येत ती?" मालुबाईनं पोरीचा हात हातात घट्ट धरला. एवढ्या उन्हात बोटं गार होती.

रुक्मीनं हात सोडवून घेतला. शेजारच्या रिकाम्या जागेत, बसलेल्या बाईची हनुवटी असावी तेवढ्या उंचीवर, तिनं तळवा अलगद वर धरला... आणि तसाच ठेवला, पार घर येईपर्यंत.