तिसऱ्यांदा बॅक

थापा मारायच्या असत्या, तर माझ्या दोन मावसबहिणींना मध्ये कशाला ओढलं असतं? हे घडलंय.

मंगळवार. दुपारचे पावणेचार.

धाकटी घरीच काम करत होती. नव्या चॅटिंग ॲपमधल्या चुका शोधायच्या, ही तिची नोकरी. दोन स्क्रीन पुढे जायचं, दोनदा बॅक दाबून परत यायचं. तिसऱ्यांदा बॅक दाबलं की ॲप बंद व्हायला हवं.

ॲपमधलं ते बॅकचं बटण तिच्याच कंपनीतल्या तिच्या नवऱ्याने बनवलं होतं. तीन महिन्यांपूर्वी तो अपघातात गेला. "घरीच येतोय, चहा टाक," असा फोन करून निघाला होता. "लवकर ये," असं ही म्हणाली, आणि तेव्हापासून स्वतःलाच दोष देत होती.

अपघात मात्र भलत्याच रस्त्यावर झाला. "काही आणायला वळला असेल गं," अशी समजूत थोरलीनेच घातली होती.

धाकटीने बॅक दाबलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा...

ॲप बंद झालं नाही.

नवऱ्याचं खातं उघडलं. तिने स्वतःच्या हाताने पुसलेलं.

काहीतरी बिघाड असेल. तिने पुन्हा दाबलं.

पंख्याची घरघर थांबली... पंखा फिरतच होता.

समोर अपघाताच्या दिवशीचा मेसेज. थोरलीला. तिच्या सख्ख्या बहिणीला!

"हिला घरी येतोय म्हणून सांगितलंय. चारला पोचतो. दार उघडं ठेव."

धाकटीच्या पायाखालची जमीन सरकली. थोरलीचं घर पुढच्याच गल्लीत, अपघात झाला त्याच रस्त्याला लागून. ती तशीच धावत गेली.

दार सताड उघडं होतं.

"ताई, हे काय आहे?"

थोरलीने फोनकडे पाहिलंही नाही. "हळू बोल. चार वाजत आलेत."

"मग?"

"येतो तो. रोज. दार लावलं तर वाजवत बसतो..."

जिन्यात पावलं वाजली... तो चालायचा तशीच, डावा पाय जरासा ओढत येणारी.

धाकटी दारातच उभी होती. समोर कुणीच नव्हतं.

पावलं तिच्यापाशी थांबली... आणि तिला वळसा घालून आत गेली.

तीन महिने धाकटी रोज चारला दोन कप चहा टाकत होती. तिच्याकडे तो एकदाही आला नाही.

आता ती एकच कप टाकते. पण चार वाजले की तिची नजर दाराकडे जाते, हे मी पाहिलंय.