ग्रंथालयासमोरचा वळसा

विद्यापीठाचा आराखडा तयार होत होता तेव्हा मी मोजणी खात्यात होतो. फाटकापासून ग्रंथालयापर्यंत नाकासमोर जाणारा रस्ता आणि दोन्ही बाजूंना हिरवळ, अशी मोठ्या साहेबांची कल्पना. त्या रेषेत एकच घर येत होतं, अयोके मावशीचं, ठेंगण्या दाराचं. ती लाल मातीची मडकी घडवायची. आई बाजारात जायची तेव्हा मी तिच्याच अंगणात असायचो, तिथेच वाढलो.

"अकानबी, माझं घर कागदावर घेतलंस ना रे?"

"घेतलंय, मावशी."

मी तिथे 'मोकळी जागा' असं लिहिलं होतं. घर दाखवलं असतं तर रस्ता वळवावा लागला असता, आणि साहेब माझ्यावर खूश होते. घर पाडायला ट्रॅक्टर आला त्या दिवशी मी रजा टाकली. मावशी लेकीकडे इबादानला गेली आणि त्याच वर्षी वारली.

नऊ वर्षांनी मी विद्यापीठाच्या देखभाल विभागाचा प्रमुख झालो. पहिल्याच आठवड्यात माळी तक्रार घेऊन आला.

"साहेब, मुलं अर्ध्यात रस्ता सोडतात, गवतातून वळसा घालतात. तार लावली, झुडपं लावली, सगळं तुडवलं. विचारलं तर म्हणतात, आम्ही सरळच आलो!"

मी टेप धरून वळसा मोजला. बत्तीस फूट, अठरा फूट. मावशीच्या घराची ही मापं मला पाठ होती.

मी टेप गुंडाळली आणि माळ्याला कामावर परत पाठवलं.

दुपारी एक मुलगी वळसा न घालता सरळ आली. मोकळ्या रस्त्यावर ठेंगण्या दारातून शिरावं तशी वाकली, मग गुडघे टेकून कुणालातरी नमस्कार केला.

"कुणाला गं?" मी विचारलं.

"काय कुणाला, सर?"

दुसऱ्या दिवशी मी तिथे क्षमा मागायला गेलो. पण मुलं येत-जात होती. रिकाम्या रस्त्याशी बोलताना कुणी पाहिलं तर? मी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून वाकलो.

"मावशी," मी पुटपुटलो, "जागा नसेल तर माझ्याकडे ये."

क्षमा न मागताच मी उठून चालू लागलो.

सकाळी माळी हसत आला. "साहेब, जादू केलीत! सगळे सरळ चाललेत."

रात्री जेवायला बसलो. बायको रश्शाचं भांडं घेऊन स्वयंपाकघरातून आली. बैठकीच्या मधोमध, जिथे ना दार ना भिंत, ती भांड्यासकट वाकली आणि दोन पावलांनी सरळ झाली.

"असे काय बघताय?" ती म्हणाली.

तिच्या केसांना ओली लाल माती लागली होती.