करबेंता आणि गिंदो

मुलांनो, जरा डोळे मिटून बघा. दूरदेशीच्या मोप्ती गावचा नदीकाठ... लांबट होड्या एकमेकींना खेटून उभ्या, भाजलेल्या मासळीचा धूर, आणि पाटीत मासे रचणारी एक मुलगी – जेनेबा.

बाजारच्या गर्दीत कुणा पोराचं कांद्याचं पोतं तिच्या पाटीवर आदळलं. मासे वाळूत!

"डोळे घरी ठेवून आलास का रे?"

"आधी आडनाव सांग. मग माफी मागतो."

"करबेंता."

"म्हणजे बोझो, नदीवरची कोळीण! मग माफी कसली? मी अतेमे गिंदो. डोंगरावरचा डोगोन."

जेनेबा खुदकन हसली. "तरीच कांद्याचा वास! नदी बघून पाय लटपटले असतील, बिचारे."

"आणि तुम्ही चालण्याआधी पोहायला शिकता, म्हणून अजून चालता येत नाही!"

वाळूतले मासे मात्र त्यानंच वेचले. हळूच... एकेक करून.

गिंदोनं करबेंताला चिडवायचं, करबेंतानं उलट टोमणा हाणायचा, आणि रागवायचं कुणीच नाही. आडनाव कळलं की हे आपोआप ठरतं. म्हातारे सांगतात, दुष्काळात एका बोझोनं आपल्याच मांडीचं मांस भाजून भुकेल्या डोगोन पोराला जगवलं. तेव्हापासून दोघांचं रक्त एक. म्हणून थट्टा हवी तेवढी – लग्न मात्र नाही.

अतेमे दर बाजाराला येऊ लागला. जेनेबा त्याच्यासाठी जाडजूड मासा बाजूला ठेवायची आणि वर म्हणायची, "घे, मांजरानं टाकलेला आहे." तो तिच्या ओंजळीत कांदे ओतायचा. बोटांना बोटं लागायची... मग दोघंही उगाच नदीकडे बघायची.

एके दिवशी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "जेनेबा, माझ्याशी लग्न कर."

कोळिणी पोट धरधरून हसल्या. "अगंबाई! कांद्याला होडीत बसायचंय!" त्यांच्यातली साली नावाची मावशी ओरडली.

अतेमे हसत नव्हता. जेनेबानं ते पाहिलं. सगळ्यांचे डोळे तिच्यावर...

"आधी पोहायला शिक!" ती म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली.

तोही हसला. जरा उशिरा.

पुढच्या बाजाराला कांदे घेऊन त्याचा भाऊ आला. खरं बोलले असते तर? जेनेबा पुढे कितीदा तरी मनाशी म्हणायची. आडनावं काही बदलली नसती... पण त्याला कळलं तरी असतं.

वर्षं गेली. जेनेबाच्या केसांत रुपेरी तारा आल्या. एका सकाळी एक चिमुरडी पाटीसमोर उभी राहिली.

"ए मासेखाऊ मावशी! एक मासा दे. फुकट!"

"फुकट? कोण गं तू एवढी महाराणी?"

"याकेने गिंदो! बाबा म्हणाले, त्या मावशीला काहीही बोल, ती रागवत नाही."

कांद्याच्या ढिगापाशी एक माणूस पाठमोरा उभा होता. खांदे तेच.

जेनेबानं सगळ्यांत जाड मासा पोरीच्या हातात दिला. "बाबाला सांग... त्या दिवशी मी खोटं हसले होते."

करबेंता बोलली म्हणजे थट्टाच! याकेने खदखदून हसली. मग तिचं लक्ष मावशीच्या डोळ्यांकडे गेलं आणि हसू थांबलं. तिनं मासा छातीशी धरला, धावत गेली, आणि बाबाला खाली वाकवून त्याच्या कानाला लागली.