काडीमोडाची फी

काराकोल गावातल्या कोर्टाच्या दारात, ऐन धुक्यात, कुणीतरी झिबेकवर येऊन आदळलं. ‘डोळे आहेत की बटणं?’ असं ती विचारणार, तोच नाकात मेंढीच्या कातड्याचा ओळखीचा वास शिरला. तसली टोपी गावात एकच माणूस घालायचा.

“तू?”

“मीच,” एर्मेक म्हणाला. “अजून नवरा आहे तुझा. निदान कागदावर.”

“त्या कागदासाठीच तर आलेय!”

तीन आठवड्यांनी दिसत होता. रोडावला होता मेला... पण ते तिने बघितलंच नाही, असं तिने ठरवलं.

दोन वर्षं रशियात ट्रक चालवून एर्मेक परतला खरा, पण बूट रोज उंबऱ्यात दाराकडे टोकं करून ठेवायचा, आत्ता निघायचंय असे. शेवटी एकदा झिबेकने ते उचलून बर्फात भिरकावले आणि म्हणाली, “जायचंय ना? मग जा एकदाचा!” तो भावाकडे राहायला गेला. मग तिचा काडीमोडाचा अर्ज आला, आणि अर्जापेक्षा मोठं भांडण फीवरून झालं. अर्ज तुझा तर फी तुझी, असं तो म्हणे. जायचा हट्ट तुझा तर फी तू भर, असं ती म्हणे. शनिवारी तो पुन्हा रशियाला निघणार होता. फी भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता.

खिडकीशी फी घ्यायला ग्युलसून बसायची. सगळं गाव तिला एजे म्हणे, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

“एजे, माझी सोमवारची फी—”

“एजे, मी काल भरलेली फी—”

दोघं एकदम बोलले आणि एकदम थांबले.

“तू भरलीस?”

“तू पण?”

“तुझ्या शिवणाच्या पैशातून जायला नको म्हणून...” एर्मेक पुटपुटला.

“आणि मला वाटलं, वाटखर्चाला तुझ्याकडे...” झिबेकने जीभ चावली.

“नाटकं पुरे!” ग्युलसूनने वही आपटली. “सकाळी भरता आणि दुपारी हातात हात घालून परत न्यायला येता. दोन दिवस हाच तमाशा चाललाय.”

“आम्ही?”

तिने वही फिरवली. सोमवार, मंगळवार. फी परत मिळाली, खाली दोन सह्या. झिबेक सहीच्या शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची, ती शेपूटसुद्धा जागच्या जागी होती. तिने ती बोटाने चोळून पाहिली.

“कुणी सोंग घेऊन आलं असेल, एजे.”

“वीस वर्षं ओळखते तुला. डोक्यावर ह्याची टोपी होती तुझ्या. ह्याच्या मिशीत सामसाच्या पापुद्र्यांचा चुरा. आणि तू म्हणालीस, ‘फी परत द्या एजे, हा महागात पडला तरी घरीच बरा.’”

“मी? आणि ती टोपी? तिला आधी आंघोळ घाला म्हणावं!”

एर्मेक हसला नाही. खालच्या आवाजात म्हणाला, “आज अर्धी-अर्धी भरू. आणि इथेच बसू. येऊ देत ते दोघं.”

भरली. बसले. बाकावर मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

शेगडी विझलेली होती. बाहेर धुकं काचेला नाक लावून उभं होतं. तासाभराने वरच्या जिन्यावर कुणीतरी हसलं. खळखळून, मध्येच श्वास अडकवत...

“वर कोण आहे गं?” एर्मेकने विचारलं.

झिबेकने जिन्याकडे पाहिलं. ते हसू तिचंच होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षातलं. मधली जागा कधी भरली, दोघांनाही कळलं नाही.

“थरथरतेयस.”

“थंडीने.”

“हो, थंडीनेच,” म्हणत त्याने खिशातून कागदात गुंडाळलेला खिम्याचा सामसा काढला आणि मोठा तुकडा तिला दिला. “भावजयीने दिलाय. खारट आहे.”

“मग मला मोठा कशाला?”

“तुझं बोलणं आळणी वाटतंय आज. शिव्या कमी पडल्या.”

तिला हसू फुटलं. खळखळून, मध्येच श्वास अडकला... तीन आठवड्यांत, छे, दोन वर्षांत पहिल्यांदा! जिन्यावरचं हसू थांबलं होतं.

“झिबेक,” तो बुटांकडे बघत म्हणाला, “मला नाही जायचं. तू ‘राहा’ म्हणशील म्हणून रोज बूट तसे ठेवायचो. तू कधी म्हणालीच नाहीस.”

“गाढवा... आणि मी वाट बघत होते, तू ते कधी वळवतोस त्याची.”

डोळे पुसत ती उठली आणि त्याचा हात धरून खिडकीशी गेली.

“फी परत द्या एजे. हा महागात पडला तरी घरीच बरा.”

ग्युलसूनने मान वर न करताच वही पुढे केली. झिबेकने सहीसाठी उजवा हातमोजा काढला, सही केली, शेपूट काढली. आणि काचेत तिला स्वतःचं रूप दिसलं. डोक्यावर त्याची टोपी होती. कधी चढवली त्याने? शेजारी त्याच्या मिशीत चुरा.

दाराशी पोचले तोच ग्युलसूनने हाक मारली. “अगं, आज पण विसरलीस!” आणि खिडकीच्या फळीवर मांडले लाल हातमोजे. तीन. तिन्ही उजव्या हाताचे, तिन्हींच्या अंगठ्यावर तिनेच केलेलं निळ्या लोकरीचं रफू.

झिबेकने एकच उचलला. बाकीच्या दोन्हींना हात लावायचा धीर झाला नाही.

दोघं घराकडे निघाले. ताज्या बर्फात त्यांच्या पुढे दोन माणसांची पावलं उमटलेली होती, अगदी जवळजवळ. ती त्यांच्याच दाराशी संपत होती. सकाळी तिने कुलूप लावलं होतं, ते तसंच होतं. पण धुराड्यातून धूर निघत होता.

आत कुणी नव्हतं. चहाची किटली गरम होती, दोन वाट्या मांडलेल्या, आणि वाट्यांखाली नोटांच्या दोन घड्या. सोमवारची फी आणि मंगळवारची.

“एर्मेक... गेले कुठे ते?”

त्याने उंबऱ्यात वाकून बूट काढले, क्षणभर हातात धरले आणि टोकं घराकडे करून ठेवले.

“आले आत,” तो म्हणाला. “चहा ओत.”