डावीकडे दहा

ही हकीकत खरी आहे. डेटलेफ हार्मसेन खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यापायीच त्याची नोकरी मातीत गेली, असं जर्मनीतल्या कील बंदरातले लोक अजून म्हणतात.

तारीख सतरा नोव्हेंबर १९०९. दुपारचे तीन. बंदरावर दाट धुकं.

आठ दिवसांपूर्वी अशाच धुक्यात त्याची टॉर्पेडो बोट एका अवाढव्य क्रूझर युद्धनौकेखाली चिरडली गेली होती. अकरा माणसं बुडाली. त्यांत सुकाणू धरणारा ओके ब्रोडरसनही होता.

सुकाणूवरचा माणूस प्रत्येक हुकूम मोठ्याने परत म्हणतो. परत म्हटला, म्हणजे हुकूम घेतला.

सुकाणू दहा अंश डावीकडे वळवायला कप्तान फॉन रिटगाऊ म्हणाला होता, "डावीकडे दहा."

ओके म्हणाला होता, "डावीकडे दहा."

शेजारी उभ्या लेफ्टनंट हार्मसेनने दोन्ही ऐकलं होतं. क्रूझर डावीकडूनच आली.

ओकेचं प्रेत सापडलं नाही.

पण...

दोनच दिवसांनी हार्मसेन घरमालकिणीला म्हणाला, "फ्राऊ थाम्स, कॉफी जरा कमी ओता."

मागून हळूच आवाज आला... "कॉफी कमी."

मागे भिंत होती.

"चेहरा का उतरला?" फ्राऊ थाम्स म्हणाल्या. "माझी कॉफी इतकी वाईट नाही."

आणि आता सतरा तारखेला कप्तानाच्या टेबलावर एक कागद होता. ओकेने हुकूम चुकीचा ऐकला, असं त्यावर लिहिलं होतं. रविवारी तो कागद फ्योर बेटावरच्या चर्चमध्ये वाचला जाणार होता. ओकेच्या आईसमोर.

"सही कर," कप्तान म्हणाला. "वसंतात तुला स्वतःची बोट मिळेल."

"हुकूम डावीकडचाच होता, साहेब."

"हार्मसेन, मेलेल्याला बढती लागत नाही. तुला लागते. आणि समुद्राच्या तळातून कोण येतंय सांगायला?"



शेगडीतले कोळसे तडतडायचे थांबले...

"डावीकडे दहा."

आवाज कप्तानाच्या खुर्चीमागून आला. शांत. ओकेचा सुकाणूवर यायचा तसा.

कप्तानाच्या हातातला टाक निसटून खाली पडला.

 हार्मसेनने टाक उचलला, मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'हुकूम कप्तानाचा. मी ऐकला.' मग सही केली.

"झाली सही," तो म्हणाला. "आता वाचा चर्चमध्ये."

कागद कुठेच वाचला गेला नाही. कप्तान पुढे ॲडमिरल झाला. हार्मसेन मात्र १९१८ला जर्मन साम्राज्य बुडेपर्यंत नौदलाच्या कोळशाच्या वखारीवर लेफ्टनंटच राहिला. बोट कधीच मिळाली नाही.

आवाजही थांबला नाही. तो म्हणे, "दार लावा." मागून येई... "दार लावा." वखारीतले हमाल नोकरी सोडून जात.

शेवटच्या दिवशी त्याने गणवेशाची बटणं लावली आणि तो रिकाम्या वखारीत स्वच्छ आवाजात म्हणाला, "ओके, पाळी संपली. घरी जा."

तो थांबला.

बराच वेळ...

पहिल्यांदाच उत्तर आलं नाही.

म्हणजे ओकेने हा हुकूम घेतला नव्हता.

हार्मसेन हसला. "राहा मग. मी तरी कप्तानाचं कुठे ऐकलं?"

ओकेला पुन्हा हुकूम घ्यावा लागू नये म्हणून त्या दिवसापासून घरात त्याने कधीच कुणाला काही करायला सांगितलं नाही. कॉफीसुद्धा स्वतःच ओतून घेई. पाठ मात्र नेहमी भिंतीला टेकवून बसे.